सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी

पारशिवनी
३ डिसेंबर १९७८

सौ. इंदूस थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

भाऊजी येऊन गेले. तुमच्या क्वार्टरात गिझर बसला आणि सासूबाई आता संक्रांतीपर्यंत तिथंच राहणार, असं म्हणाले. कौतुक ऐकून घेतलं. पण मले सांग, एका म्हातारीच्या आंघोळीसाठी सहाशे रुपये? वर लाइटबिल! आमचा बंब घरच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर तापते, खर्च काडीपेटीचा. इतकी वर्षं त्यांना ऊन पाणी मीच दिलं. आताच ते काहून थंड लागून राहिलं? गावातल्या बाया विचारतात, सासू रुसली काय वं. रविवारच्या मोटारीनं त्यांना पाठव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

भागीरथा


खापरखेडा
१० डिसेंबर

ती. भागीरथाबाईंस इंदूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

बाई, हिशेब तुमचा बरोबर. रॉड चाळीसात आला असता, पण शॉकची भीती. स्टोव्ह स्वस्त, तर रॉकेलले रांग. म्हणून हप्त्यानं गिझर घेतला. बिल महिन्याला पंधरा-वीस रुपयांनी वाढलं. खरं सांगू? सासूबाई माझ्याकडे राहाव्या, म्हणूनच मी हट्ट धरला. उठता-बसता त्यांच्या तोंडी तुमचंच नाव.

पण काल कळलं, त्या सुखासाठी आल्याच नाहीत. बंब फुंकून तुमचे डोळे लाल होतात, धुरानं खोकला जात नाही. आपण घरी नसलो म्हणजे भागी पहाटे उठणार नाही, असं त्या यांना सांगत होत्या. मग विचारलं, हातातले सोन्याचे गोट मोडले तर पारशिवनीले असा गिझर बसेल काय. बाई, मी मोरीत जाऊन रडली. नळ माझा, पाणी माझं आणि काळजी सगळी तुमची!

रागावू नका, पायाशी जागा असू द्या.

इंदू


पारशिवनी
१८ डिसेंबर

सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोटं काहून बोलू, आधी मी हरखली. तुझं रडणं मागाहून दिसलं. गोट मोडू देऊ नको. जरीपटक्याच्या बाजारातून मी रॉड आणवला. बटण बंद करूनच पाण्यात हात घालते. धूर बंद झाला, असं त्यांना सांग.

आता त्या परत येऊ शकतात, पण मी न्यायला येत नाही. राहू दे संक्रांतीपर्यंत. एक गोष्ट लिहिताना हात अडून राहिला, तरी लिहिते. पाणी काढून देऊन दार लोटून बाहेर येऊ नको. त्या तोंडानं मागत नाहीत, लाजतात. आत थांब, पाठ चोळून दे.

पण माझ्याइतकी चांगली नको चोळू.

तुझीच,
भागीरथा