फणसाच्या खोक्यातला डावा हात

बाबा, आई कशी आहे? तिचे गुडघे आता दुखत नसावेत, तिकडे विहीर काही आपल्यासारखी उतरणीवर नसणार. तरी तिला विचारा, कारण ती आपणहून सांगायची नाही. काकीच्या डोळ्यात फूल पडलं होतं, ते निवळलं का? दादा तुमच्याकडे सगळ्यांत शेवटी आला. त्याचा खोकला थांबला असेल तर चांगलंच, थांबला नसेल तर त्याला तिथेही विडी कोण पुरवतं ते जरा बघा. आणि तुमचा डावा हात कसा आहे? विचारते आहे शेवटी, पण पत्र लिहायला बसले ती त्याच्यासाठीच.

इकडे मी बरी आहे. बरी म्हणजे खातेपिते आहे, पण गेले काही दिवस जीव थाऱ्यावर नाही. भाजी फोडणीला टाकते आणि मीठ घातलं की नाही ते आठवत नाही. अंगणात जाते आणि कशाला आले तेच विसरते. यांनी दोनदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" काय सांगणार? झालंय एवढंच, की माझ्या मुलाने, तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातवाने, पुण्याहून येताना टीव्हीला लावायला एक सबवूफर, नुसता खालचा घुमारा काढणारा स्पीकर, आणून ठेवला. तांदळाच्या डब्याएवढा काळा खोका, एका कोपऱ्यात मुकाट बसलेला असतो आणि टीव्हीवर ढग गडगडले की मांडणीतली भांडी किणकिणतात. जाता जाता मुलगा म्हणाला, "आई, आजोबांची ती भजनाची कॅसेट शोधून ठेव. तुमच्या त्या वेळच्या स्पीकरांना जे जमलं नाही ते हा काढेल." तो सहज बोलला आणि गाडीत बसून गेला. माझी मात्र झोप उडाली. तुमचा डावा हात त्या फितीत आहे की नाही, हे आता कळू शकतं. इतकी वर्षं कळत नव्हतं तेच बरं होतं की काय, असं वाटायला लागलंय.

ती फीत भरली तो दिवस मला लख्ख दिसतो. गौरी घरात आहेत, भजन दुपारीच बसलंय, कारण रात्री मंडळींना दुसऱ्या वाडीत बोलावणं आहे. दादा मुंबईहून टेप घेऊन आलाय आणि तो त्याने खिडकीत, बुवांच्या पेटीला चिकटून ठेवलाय. तुम्ही ओटीच्या पार दुसऱ्या टोकाला, पखवाजावर कणकेचा गोळा थापत बसलात. आपण भातखाऊ माणसं, पोळी सणासुदीची. पण डब्यात मूठभर गव्हाचं पीठ बारमाही असायचं ते पखवाजासाठी. डाव्या तोंडाला कणीक लावल्याशिवाय त्याचा आवाज खाली उतरत नाही. आई म्हणायची, "ह्या घरात पहिला घास पखवाजाचा, मग पोरांचा." तर कणीक थापता थापता तुम्ही दादाला म्हणालात, "तो डबा बुवांच्या नाकासमोर ठेवलास. आम्ही काय पानसुपारी वाटायला बसलोत?" दादा म्हणाला, "बाबा, तुमचा पखवाज भाट्याच्या पुलापलीकडे जातो, त्याला कशाला हवा डबा?" सगळी ओटी हसली. तुम्हीही हसलात आणि डाव्या हाताने अशी एक थाप दिलीत की गौरीपुढची समई थरथरली. ती थाप मला आजही टाळूत ऐकू येते. डेपोत एसटीची चाकं उचलून उचलून झालेला तो हात, आणि कणकेवर पडताना लोण्यात पडावा तसा.

पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीच्या आधाराने परत आला, हात नाही आला. पखवाज गवसणीत गेला, गवसणी खुंटीवर गेली. मग दादाने तुमचं मन रमावं म्हणून एक स्टिरिओ डेक आणला, दोन बाजूंना दोन लहान स्पीकर. पहिल्यांदा तीच कॅसेट लावली. आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसलेलो. तुम्ही डोळे मिटून पूर्ण अभंग ऐकलात आणि म्हणालात, "बुवा आहेत. पेटी आहे. टाळ तर अंगावर येतायत. माझा उजवा हातसुद्धा आहे. डावा कुठे आहे?"

आई चुलीकडून म्हणाली, "तुमच्याच मांडीवर आहे, बघा."

अशी थट्टा तिलाच करता यायची. तुम्हीही हसलात, पण हात खरंच मांडीवर निपचित होता, आणि तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत, जणू शेजाऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू. मग दादाला म्हणालात, "माझी दुसरी फीत नाही ना रे कुठे?" नव्हती. चाळीस वर्षं वाजवलेला हात, आणि त्याची खूण म्हणून ही एवढीच कॅसेट. त्या दिवसापासून घराला एकच ध्यास लागला. दादा मुंबईला परत गेला, म्हणजे तो ध्यास माझ्या गळ्यात.

मी तेव्हा घरी ब्लाउज शिवायचे. तारा, कॉईल यातलं मला कोणी शिकवलेलं नव्हतं. पण बॉबिन भरणाऱ्या बाईला गुंडाळलेल्या तारेची भीती का वाटावी? स्टँडसमोरच्या रेडिओवाल्यांच्या फळीला टेकून मी बघत राहायचे. ते म्हणायचे, "ताई, कापड शिवायचं सोडून हे काय काढलंस?" आणि म्हणता म्हणता दाखवायचे. सोल्डरिंगच्या तापल्या कैयाने बोटं भाजली, पण तारेला डाग द्यायला शिकले. आधी ते लहान स्पीकर खिडकीतून काढून कोपऱ्यात ठेवले. मग खाटेखाली. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "वाईच जवळ आला, पण तो नव्हे." मी विचारलं, "कसा हवा तो तरी सांगा." तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यात समुद्राची गाज कशी येते गो? कानात येते काय? चिऱ्याच्या भिंतीतून येते, पाठीला लागते. तसा."

म्हणून दादाने मुंबईहून मोठा वूफर धाडला, परातीएवढा. त्याला खोका हवा. पखवाज फणसाचा, म्हणून खोकाही फणसाच्याच लाकडाचा, असा तुमचा हट्ट. सुताराने विचारलं, "देव बसवायचेत काय ह्यात?" खोका झाला, स्पीकर बसला, आणि डेक त्याला हलवेना. बैल लहान, नांगर मोठा. मग अँप्लिफायर. रेडिओवाल्यांकडे मांडवात लावायचा एक जुना पडून होता, तो ब्लाउजांच्या पैशातून हप्त्याने आणला. तो चालू केला की ओटीवरचा दिवा मलूल व्हायचा आणि खोक्यातून भुणभुण यायची. आवाज वाढला, पण बुवांचाच. टाळांनी तर उच्छाद मांडला. आई म्हणाली, "आता भाट्याच्या पुलापलीकडे बुवाच जातायत."

मग ती कणकेची गोष्ट झाली. एका सकाळी तुम्ही मला हाक मारलीत, "गो, जरा कणकेचा गोळा दे. घट्ट मळ." मला वाटलं, गवसणी निघणार. उजव्या हाताने तरी वाजवणार. मी गोळा मळला, तेलाचं बोट लावलं, तुमच्या उजव्या हातात दिला आणि डोळ्यांत पाणी येईल म्हणून मागीलदारी गेले. परत येते तर पखवाज खुंटीवरच, आणि तुम्ही खोक्याची जाळी उचकटून स्पीकरच्या कागदावर, बरोबर मधोमध, गोळा थापून बसलेले. बोटांनी कडा नीट दाबत होतात, जशा पखवाजाच्या दाबायचात.

"बाबा, काय केलंत हे?"

"तोंडच आहे ना हे? मग कणीक नको? कोरडा वाजवतेस म्हणून कोकलतो तो."

मी डोक्यावर हात मारून घेतला. पण लावून बघितलं, तर आवाज खरंच खाली उतरला. दबका झाला, पण उतरला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते असं, जणू शाळेत पहिला नंबर आलेलं पोर. पुढे आवाज वाढवायचा म्हणून मी अँप्लिफायरची चावी फिरवली, आणि दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी कणीक वाळली, तडकली, लाल मुंग्यांची रांग खोक्यात शिरली, आणि गोळा सुटून पडताना कागद फाडून घेऊन गेला. आई म्हणाली, "पखवाज वाजवून झाला की कणीक खरवडून गुराला घालायची असते, हे विसरलात. चाळीस वर्षं कोण खरवडत होतं, आठवा." मी ब्लाउजाच्या अस्तराचा तुकडा कापून, खळ लावून तो कागद सांधला. सांधा कुणाला दिसला नसता असा.

तो स्पीकर दाखवायला नेला तेव्हा रेडिओवाले आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. त्यांनी कॅसेट मागून घेतली, हेडफोन कानाला लावून ऐकली आणि म्हणाले, "ताई, टेप पेटीजवळ होता. त्याचा माईक सुपारीएवढा. वडिलांचा डावा हात ह्यात भरलाच गेला नसेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" पुलावरून चालत घरी येईपर्यंत मी ते मनात घोळवलं आणि आल्या आल्या जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं. आईने मला डोळ्यांनी दटावलं. तुम्ही भडकलात. "तो होता काय त्या दिवशी आपल्या ओटीवर? मी वाजवलाय. वाजवलेलं जाईल कुठे?" आणि जरा वेळाने, हळू, "तू पण दमलीस काय गो?"

दमले नव्हते, पण खेडचं स्थळ तेव्हा सांगून आलं होतं आणि मी त्यांना झुलवत ठेवलं होतं. आई रोज विचारायची, मी म्हणायचे, "बाबांचा आवाज लागू दे, मग बघू." ती म्हणायची, "आवाज लागेपर्यंत तो मुलगा आजोबा होईल." तुम्ही हे ऐकायचात आणि भिंतीकडे बघायचात.

मग ती दुपार. सांधलेला स्पीकर खोक्यात बसवलाय, अँप्लिफायरची भुणभुण काढलीय, टाळांसाठी लहान स्पीकर वेगळे जोडलेत. वारा पडलाय, समुद्रसुद्धा गप्प आहे. मी कॅसेट लावायला जाते तोच तुम्ही म्हणता, "थांब. माझा हात उचल. त्याच्यावर ठेव." मी डावा हात उचलते. केवढा जड, बाबा. थंड आणि जड. खोक्यावर तळवा टेकवते, बोटं एकेक सरळ करते, आणि बटण दाबते. अभंग सुरू होतो. मी तुमच्याकडे बघत नाही, खोक्याकडे बघते. दुसऱ्या कडव्याला तुम्ही म्हणता, "आला."

"मला नाही ऐकू आला."

"तुला कसा येईल? हात माझा आहे."

मी परत लावू का विचारलं. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "झालं. खेडवाल्यांना निरोप धाड, बघायला या म्हणावं." त्यानंतर तुम्ही कधी स्पीकर मागितला नाहीत, वायर मागितली नाहीत, कॅसेटसुद्धा मागितली नाहीत. माझं लग्न झालं. ती कॅसेट तुम्हीच माझ्या ट्रंकेत ठेवलीत, साड्यांच्या घडीत. मी खेडला आले, हे जवळच्या लोटे गावच्या कंपनीत पाळ्या करायचे, संसाराचा गाडा सुरू झाला. पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मला एकच गोष्ट आतून कुरतडते. त्या हाताला तर टाचणी टोचलेली कळत नव्हती. मग काय आलं तुम्हाला? खरंच आला, की ही पोर माझ्यापायी बसून राहील म्हणून "आला" म्हणालात? आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "त्यांचं त्यांना ठाऊक. मी चुलीशी होते." दादाला विचारलं, तर तो खोकत राहिला. लोकांना सांगायला मी हीच गोष्ट हसत सांगते, कणकेपाशी सगळे हसतात, आणि मी पुढे सांगतच नाही. तुम्ही खोटं बोललात असं कळलं तर मी रागावेन का? रागावणार नाही. पण मग ह्या घराच्या उंबऱ्यावर मी कशाच्या जोरावर आले, ते एकदा तरी बसून बघावं लागेल, आणि ह्या वयात ते नको वाटतं. आणि खरा आला असेल, तर तुम्हाला एकट्यालाच आला, मी शेजारी उभी असून मला नाही, ह्याचंही थोडं वाईट वाटतं. बघा, दोन्हीकडून माझंच रडगाणं.

सगळं जोडून तयार आहे. जुना डेक मी स्वतः उघडून साफ केला, पट्टा बदलला, वायर सबवूफरला डाग देऊन लावली, अजून हात थरथरत नाही. फक्त कॅसेट लावायची आहे. मुलाचा काल फोन आला, "मिळाली का गं?" मी म्हटलं, "कुठे ठेवलीय कोण जाणे, सापडत नाही." ती माझ्या उशाखाली आहे, बाबा. तो म्हणाला, रविवारी येतो आणि सगळं घर उपसून काढतो. काढेलही, तुमचाच हट्ट आहे त्याच्यात. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, घडी करून ठेवते आहे. तरी दोन ओळी लिहा. मोठं नको, आला की नाही एवढंच. रविवारच्या आत लिहा.