सात नंबरची घंटा

३ फेब्रुवारी
आज कॅन्सर वॉर्डात रुजू झाले. आठ खाटा, मोठाल्या खिडक्या, चादरींना उन्हाचा वास. प्रत्येक खाटेशी बटण आहे. दाबलं की आमच्या टेबलावर घंटा वाजते आणि त्या नंबरचा दिवा लागतो. मोठ्या सिस्टर बावीस वर्षं इथेच आहेत आणि म्हणे एकदाही रजेवर गेल्या नाहीत. बाई आहे की भिंतीवरचं घड्याळ! पण मला फार आवडल्या. वेदना कमी करण्याचं खास प्रशिक्षण घेतलेली इथे मी एकटीच, त्यामुळे मान जरा ताठच आहे.

५ फेब्रुवारी
सात नंबरला निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. दिवसभर दात आवळून पडून असायचे, आणि मॉर्फिन मात्र कुलपात. का, तर सवय लागेल! ज्या माणसाकडे महिनाही उरलेला नाही, त्याला कसली डोंबलाची सवय लागणार? डॉक्टरांशी हुज्जत घालून दर चार तासांचा डोस लिहून घेतला. संध्याकाळी सर उठून बसले, तक्त्यावरचं माझं अक्षर बघितलं आणि दहापैकी चार मार्क दिले. मी भलतीच खूश.

८ फेब्रुवारी
दुखणं कमी झालं तसं सरांचं डोकं मोकळं झालं. चार वाजता, भेटीच्या वेळेला, त्यांनी मला सरळच विचारलं, की घरी कधी सोडणार? दिवस थोडे असतील तर स्पष्ट सांग, म्हणाले. धाकट्या भावाशी बारा वर्षं अबोला आहे. बरे होणार असतील तर स्वतःच्या पायांनी त्याच्या दारात जातील, नाहीतर त्याला इथे बोलावून घेतील. वर हेही ऐकवलं, की कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

पेशंट विचारेल तेव्हा खरं सांगावं, हे मला तोंडपाठ आहे. पण त्यांच्या मुलीने आधीच माझे हात धरून शपथ घातली होती, की बाबांना कळता कामा नये. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, या वॉर्डात एकच उत्तर असतं, उद्या. मी सरांना उद्या म्हटलं. स्वतःची लाज वाटली.

१२ फेब्रुवारी
रोज चारला तोच प्रश्न. रोज उद्या. सर माझ्याकडे बघत राहतात.

१३ फेब्रुवारी
सर सकाळी गेले. भावाला बोलावलंच नाही. कशाला बोलावतील? उद्या घरी जाणार होते ना. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन खूप रडले.

१५ फेब्रुवारी
चार वाजता सातची घंटा वाजली. खाट रिकामी. वायरमनने तपासून बटणच काढून नेलं.

१६ फेब्रुवारी
बटण नाही, तरी वाजली. जवळ गेले. उशी मधोमध दबलेली होती आणि सरांचा आवाज आला. घरी कधी? माझ्या तोंडून सवयीने उद्या निघून गेलं. घंटा थांबली.

१९ फेब्रुवारी
काल सुट्टी होती. चार वाजता वॉर्डातून फोन आला. घंटा थांबत नाही, पेशंट कळवळताहेत, ताबडतोब ये. धावत गेले. उद्या म्हटलं. थांबली.

मग मोठ्या सिस्टरनी सांगितलं. तीन नंबरची घंटा तशीच रोज त्यांच्यासाठी वाजते. बावीस वर्षं. ज्या तोंडाने उद्या म्हटलं, त्याच तोंडाचं उत्तर चालतं. आणि मी घड्याळ म्हणून हसले होते.

२० फेब्रुवारी
राजीनामा लिहिला. चार वाजले. फाडला.

२२ फेब्रुवारी, दुपार
खरं सांगायचा धीर मोठ्या सिस्टरना कधीच झाला नाही. मी आज सांगणार. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण

चार वाजून गेले
सांगितलं. सर, तुम्ही गेलात. मला पहिल्यापासून माहीत होतं. घंटा थांबली. वाटलं, सुटले —

हात धरलाय. खडूसारखा कोरडा. डाव्या हाताने लिहितेय. भावाला बोलाव म्हणतात. तो भेटला की जातो म्हणतात.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, काका तर गेल्या वर्षीच गेले. बाबांना झेपलं नसतं, म्हणून कळू दिलं नाही —

हात सुटत नाही. विचारताहेत, भाऊ कधी येणार. आता तरी खरं सांग म्हणताहेत. सांगते. सांगायलाच हवं. तोंड उघडलं आणि —

उद