पैलवान बाहेर जेवतो

२ फेब्रुवारी, सोमवार
हे जाऊन चार महिने झाले. पैलवान घरचं अन्न हुंगतो आणि तोंड फिरवतो. चार किलो उतरला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. वाचनालयातल्या पुस्तकात आहे की कुत्राही दुखवटा पाळतो. पूर्णिमा पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, त्याला चारचौघांत ने, आता कुत्र्यांना बसू देणारी हॉटेलं असतात. पत्तेही पाठवले.
संकल्प: आठवड्यात कोल्हापुरातली अशी सगळी हॉटेलं पालथी घालायची.

४ फेब्रुवारी, बुधवार
ताराबाई पार्कातलं कॅफे. पैलवानाला ‘बेबी’ म्हणाले. उकडलेलं चिकन आणि भोपळा वाढला. हे दुधीकडे बघायचे तसं त्याने वाडग्याकडे बघितलं.
सहा वर्षं अळणी दुधी खाल्ला बिचाऱ्यांनी. बीपी. शेवटच्या आठवड्यात अंथरुणावरून पांढरा रस्सा मागितला. मी नाही म्हटलं. अजून जेवताना ते आठवतं आणि घास अडकतो.
पण मास्तर माणूस, शिस्तीचे. पथ्य एकदाही मोडलं नाही. संध्याकाळी पैलवानाला घेऊन रंकाळ्याला फेरी. बुधवार, शुक्रवार, रविवार तर दोन-दोन तास चालायचे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
हायवेकडचं मोठं हॉटेल. वॉचमन म्हणाला, कुत्र्याला एंट्री न्हाय. मी मोबाईल दाखवला, यात तुम्ही डॉग फ्रेंडली आहात. तो म्हणाला, फ्रेंडली हायच की मावशी, पन हितनंच. आणि वाकून पैलवानाचं डोकं खाजवलं.
परतताना मंगळवार पेठेत पैलवानाने मला ओढत एका बोळात नेलं. मटणाची खानावळ. सरळ कोपऱ्यातल्या टेबलाखाली जाऊन बसला. मालकीण चिमणाबाई ओरडली, आलास व्हय रं पैलवाना! किती वाळलायस!
हाडं घातली. कडाकडा संपवली!
नाव पट्ट्यावर वाचलं असेल. (पट्ट्यावर फक्त फोन नंबर आहे. पण दिसतोच तो पैलवानासारखा.)
मास्तर कुठं हायत, तिने विचारलं. मी सांगितलं. पदर डोळ्याला लावून मटकन खाली बसली. परक्यासाठी किती जीव! हे जाता-येता नमस्कार करत असणार.

८ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा तिथेच. पैलवान दोनदा जेवला. मी चिमणाबाईला सांगितलं, ह्यांना मीठ वर्ज्य होतं. ती म्हणाली, म्हाईत हाय की वैनी. आल्या आल्या सांगायचे, आमच्या हिनं मीठ बंद केलंय, जरा बेतानं टाक.
म्हणजे पथ्याचा प्रचारही करत होते. ऊर भरून आला.

११ फेब्रुवारी, बुधवार
आज कोपऱ्यातल्या टेबलाला बसले. शेजारी गणपतराव म्हणून रोजचं गिऱ्हाईक. म्हणाले, ओ ताई, तितं नगा बसू, मास्तरांची जागा हाय ती.
चिमणाबाईने त्यांना डोळ्यांनी दटावलं. पण उशीर झाला होता.
मी विचारलं. ती म्हणाली, शपथ घातलीया त्यांनी, वैनी. मग सगळं सांगितलं. बुधवार, शुक्रवार, रविवार. सहा वर्षं. पांढऱ्याच्या चार वाट्या, हाडं पैलवानाला.
संतापाने उठून उभी राहिले. सहा वर्षं दुधी किसला मी!
दारापर्यंत गेले. मग वाटलं, म्हणजे मन मारून नाही गेले. परत येऊन बसले. म्हटलं, आण इकडे. ते चार पीत होते ना, मी पाच पिऊन दाखवते.
दुसऱ्या वाटीला ठसका लागला. तिसरीला रडू आलं. चौथी गणपतराव प्याले.