गळ, चिलापी आणि पल्लवीचं लग्न

रवि., २ नोव्हें.

आज आयुष्यात पहिल्यांदा गळ हातात धरला. वय चोपन्न, गळ्यात इष्टलिंग, घराण्यात कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. आणि मी सकाळभर भीमेच्या काठावर काठी धरून बसलो होतो. का बसलो ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

पल्लवीनं दिवाळीत सांगितलं, लग्न करीन तर सुमेधशी. दोघं पुण्यात एकाच ऑफिसात आहेत. मुलगा इथला अफजलपूरचाच, वाघमारे सरांचा. सर हायस्कुलात गणित शिकवायचे, आता रिटायर. बौद्ध. पोरगी रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "अप्पा, तुम्ही न्हाई म्हणलाव तर मी पळून जाणार न्हाई. पण दुसऱ्या कुणाला व्हय बी म्हणणार न्हाई." एकदा सरांना भेटा आणि मग सांगा, एवढीच तिची अट. महिनाअखेरीला येणार आहे उत्तर घ्यायला. हिला (म्हणजे आमच्या घरच्या मालकिणीला) अजून यातलं काही माहीत नाही.

सरांना फोन केला. रविवारी नदीवर असतो, तिकडंच या म्हणाले. मला वाटलं, बोलायला आडोसा हवा असेल. गेलो तर त्यांनी दुसरी काठी माझ्या हातात दिली. बोलणं होत राहील, आधी बसा म्हणाले. बसलो. मग कळलं की गळ टाकल्यावर बोलायचं नसतं. काय बोलायचं ते रात्रीच पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं तसंच घरी परत आणलं.

हिला सांगितलं, सोलापूरच्या गिऱ्हाइकाची मोटर बघायला गेलो होतो. ठिबक आणि मोटरीचं दुकान असलं की खोटं बोलायला बरं पडतं.

बुध., ५ नोव्हें.

सरांना फोन केला, संध्याकाळी येऊ का नदीवर? आज पौर्णिमा, म्हणाले, मी विहारात असतो, पंचशील असतं, पौर्णिमेला गळ टाकत नाही. माझ्या तोंडून गेलंच की पहिलं शील तर जीव न मारण्याचं, मग बाकीच्या दिवशी कसं? म्हणाले, "ते गणित मला बी अजून सुटलं न्हाई, शेठ."

आता या माणसाला काय समजायचं? सरळ की लबाड? लबाड माणूस असं कबूल करत नाही. सरळ माणूस मासे कशाला मारेल? डोकं दुखलं.

रवि., ९ नोव्हें.

गांडूळ. नुसतं लिहिलं तरी अंगावर काटा येतो. सरांच्या डब्यात ओल्या मातीत वळवळत होती. मला हात लावता येईना. सरांनीच एक माझ्या गळाला लावून दिलं. ते पाण्यात निसटलं, पण दुसरं मागायची सोय नव्हती, म्हणून मी ते आहेच असं समजून रिकामा गळ टाकून बसलो. मध्येमध्ये काठी हलवून बघायचो, जाणकारासारखी.

ऊन वर आल्यावर सरांनी जेवणाचा डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. भाकरीवर चटणी घालून माझ्यापुढं धरली. माझा हात पुढं गेला नाही. पोट बरं नाही म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही, भाकरी परत फडक्यात गुंडाळली. परत येताना स्टँडवर थांबून दोन प्लेट भजी खाल्ली. पोट बरं नसलेला माणूस!

बसव जयंतीला दरवर्षी माझं भाषण असतं. बसवण्णांच्या कल्याणातल्या त्या लग्नाची गोष्ट सांगतो. ब्राह्मणाची लेक, चांभाराचा लेक, आणि त्यापायी दोघांच्या बापांनी जीव दिला. तिथं माझा आवाज भरून येतो, लोक टाळ्या वाजवतात. आज एक भाकरी घेता आली नाही. लाज वाटली, आणि लाज वाटूनही पुढच्या रविवारी घेईन की नाही ते सांगता येत नाही.

लग्नाचा विषय आजही नाही.

मंगळ., ११ नोव्हें.

गांडूळ आपल्याच्यानं होणार नाही. म्हणून ज्वारीचं पीठ मळलं, तिळाचं तेल, हळद, वासाला हिंग. हिनं बघितलं. हे काय करायलाव म्हणाली. मुंग्यांना घालायला, म्हणालो. बाई खूश झाली. हिंग घातल्यावर कुठली मुंगी खाईल म्हणत वर मूठभर साखर घातली. नाही म्हणता येईना.

पाण्यावर तरंगायला बूच लागतं. दुकानातल्या अर्ध्या इंची पाइपाचा तुकडा कापला, दोन्हीकडून टोपण बसवून सोल्युशन लावलं. बादलीत टाकून बघितलं, छान तरंगतं. एवढं एकच काम या प्रकरणात मी कळून केलेलं आहे.

रवि., १६ नोव्हें.

सरांनी गोळी हुंगली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "माशाला बी लिंगायत करायलाव का, शेठ?" मीही हसलो. आधी हसलो आणि मग वाटलं, हसायला नको होतं का? पण तोवर हसून झालं होतं.

आणि लागला की! बूच बुडालं, काठी वाकली, मी उभा राहून ओढली तर तळहाताएवढी चिलापी समोर लोंबकळायला लागली. इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग नीट बघितलं. तोंडातून रक्त येत होतं तिच्या. सरांनी हात ओला करून गळ काढून दिला. आता काय करायचं? सर लहान मासे सोडतात, मोठे घरी नेतात. तुमचा मासा, तुम्हीच ठरवा म्हणाले.

मारायची हिंमत नाही. सरांना द्यावा तर ते मारणार, म्हणजे मीच मारल्यासारखं. सोडावा तर जखमी, आणि खरं सांगायचं तर सोडवतही नव्हता. शेवटी बादलीत पाणी घालून घरी आणला आणि मागच्या हौदात सोडला. मासा धरून घरी पाळायला आणणारा भीमाकाठचा पहिला माणूस मीच असणार.

भाकरी खाल्ली आज. हात धुतले आणि मागून घेतली. चटणी तिखट होती. सर नदीकडं बघत होते. बरं केलं.

सोम., १७ नोव्हें.

कार्तिकातला शेवटचा सोमवार, हे ध्यानातच राहिलं नाही. ही पूजेला पाणी काढायला हौदावर गेली.

मी लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलो होतो. येऊन समोर उभी राहिली. माझी पूजा संपेपर्यंत थांबली. मग विचारलं, हौदात काय आहे? मी उलट्या क्रमानं सगळं सांगत गेलो. आधी मासा, मग नदी, मग वाघमारे सर, मग सुमेध, शेवटी पल्लवी. पल्लवीचं नाव आलं तशी खाली बसली.

"पोरीनं कधी सांगितलं?"

दिवाळीत, म्हणालो.

"आणि मला मुंग्यांचं सांगितलाव."

एवढंच बोलली. मला वाटलं होतं जातीवरनं बोलेल, माहेरचे काय म्हणतील ते बोलेल. त्या सगळ्याची उत्तरं तयार होती.

गुरु., २० नोव्हें.

घरात अबोला. पूजेचं पाणी शेजारच्या बोअरचं येतंय. पण हौदात रोज भाताची शितं तरंगताना दिसतात. मी टाकत नाही. घरात तिसरं माणूस नाही. काय समजायचं ते कळत नाही.

आज धीर करून विचारलं, पल्लवीला काय सांगायचं? ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मासा घरात आणताना मला इचारलाव न्हाई. पोरीचं कामून इचारायलाव?"

दुकानात जाऊन बसलो. एका गिऱ्हाइकाला पाऊण इंचाऐवजी इंचाचे जोड दिले, तो परत येऊन बोलून गेला.

रवि., २३ नोव्हें.

आज गळ टाकलाच नाही. सरळ विचारलं, सर, पोरांचं काय करायचं?

सरांनी आपली काठी बाजूला ठेवली. त्यांनाही झोप नाही म्हणे. त्यांच्या बायकोचं म्हणणं, लग्न होईलही, पण पुढं काय? मला वाटत होतं ते हात जोडतील, नाहीतर कायदा सांगतील. दोन्ही नाही. हळू आवाजात म्हणाले, "मला तुमचं व्हय-न्हाई नको, शेठ. माझं पोरगं तुमच्या घरी आलं तर कुठं बसंल, तेवढं सांगा."

आत, म्हणालो मी. लगेच म्हणालो.

"घाई न्हाई. आत म्हणजे किती आत, ते घरी इचारून सांगा."

परत येताना उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलो. हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

मंगळ., २५ नोव्हें.

घरातून हिंडतोय. ओटा, बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, देवघर. सगळं आतच आहे. बैठकीत तर खताच्या कंपनीचा माणूससुद्धा बसतो, त्याची जात मला माहीत नाही. मधल्या खोलीत बसवलं तर चालेल? चालेल. स्वयंपाकघरात? इथं येऊन पाय थांबतात. जावई म्हणून आला तर तिथंच पाट मांडायचा. मग आजच का थांबतात? माझे पाय, माझं घर, भाषण करणाराही मीच. मला माझाच राग येतोय.

हिला विचारलं, सर असं असं म्हणाले. ऐकून घेतलं आणि भाजी चिरत राहिली. विळी मात्र जरा हळू चालत होती.

गुरु., २७ नोव्हें.

सकाळी ही आपणहून बोलली. मासा नदीत सोडून या, हौद घासायचाय. आत्ताच कशाला, म्हणालो. "पाहुणे येणार म्हणल्यावर..." एवढं म्हणाली आणि आत गेली. पाहुणे म्हणजे कोण? आपली पोरगी पाहुणी कधीपासून झाली?

चिलापी बादलीतून नेऊन सोडली. जाड झाली होती भात खाऊन. थोडा वेळ काठाशीच घुटमळली, मग गेली. वाईट वाटलं. माशासाठी वाईट वाटतं हे कुणाला सांगायची सोय नाही. ना आमच्यात, ना सरांच्यात.

शनि., २९ नोव्हें.

दुपारी पल्लवीचा फोन. उद्या संध्याकाळी पोचते. मग जरा थांबून, "अप्पा, एकटी येऊ का दोघं?" ही समोरच उभी होती. थांब, आईला देतो, म्हणालो. हिनं फोन घेतला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ बोलत होती. एकदा हसल्यासारखं ऐकू आलं. एकदा नाक ओढल्यासारखं. बाहेर येऊन फोन माझ्या हातात दिला आणि कामाला लागली. काय ठरलं, सांगेना. मीही विचारेना.

संध्याकाळी बघतो तर मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली. होळिगीची, म्हणजे पुरणपोळीची. सण नाही, वार नाही.

किती माणसांची आहे, विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. मी डाळ भिजवली."

बरं, म्हणालो. जरा हुशारीच आली. म्हणालो, मग उद्या सकाळी नदीवर सर भेटतीलच, त्यांना आणि त्यांच्या बायकोला तिथंच सांगून टाकतो, जेवायला या म्हणून.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"नदीवर उभं राहून कुणी जेवायला बोलवत न्हाई. घरी जाऊन बोलवतात. दोघं मिळून."

इतके रविवार मी स्वतःला शहाणा समजत होतो, की नदीवर भेटतोय, ना त्यांचं घर ना आमचं, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. हिनं ते एका वाक्यात मोडीत काढलं.

ठीक आहे. उद्या सकाळी, सर नदीवर निघायच्या आधी जायला हवं. जोडीनं जायचं, म्हणजे ती येणार असं धरून चालतो, येते म्हणालेली नाही. कुंकू-अक्षता न्यायच्या का? त्यांच्यात घेतात का? की नुसता नारळ? तोही नको? हिला विचारलं, तिलाही माहीत नाही. दोघं एकमेकांकडं बघत बसलो.

आणि तिथं गेल्यावर त्यांनी विचारलंच, किती आत, तर? अजून कुठं ठरलंय.

सगळ्यात वाईट म्हणजे आत्ता लिहिताना ध्यानात आलं. बाजाराच्या पलीकडं, विहाराच्या मागं राहतात एवढं माहीत आहे. ह्याच गावात जन्म गेला माझा. सरांचं घर त्यातलं कुठलं, ते मी कधी विचारलेलं नाही.