लोखंडाचा शीण

२२ सप्टेंबर
निपाणीहून मच्छे गावाजवळच्या या कॉलेजात आले एकदाची! तिसऱ्या वर्षातल्या पोरांना कधी नव्हे ती संशोधनाची संधी मिळाली आणि निवडलेल्या दोघांत मी आहे. मशीन पोलादाची कांडी सारखी वाकवत राहतं. ती किती वेळा वाकून मोडते, ते बघायचं. बाहेर काही कळत नाही, केसाएवढी रेघ पडते आणि कांडी एकदम तुटते, असं वीरेंद्र सरांनी समजावलं. शोधनिबंधावर नाव आलं तर पुढं शिकायचं, नाहीतर दिवाळीनंतर आप्पांच्या तंबाखूच्या वखारीत बसायचं. आप्पा शब्दाचे पक्के आहेत. मीही काही कमी नाही.

२७ सप्टेंबर
सोबतीला येळ्ळूरचा सौरव आहे, बडबड्या पण कामाचा. दिवसभर खडखड ऐकायची आणि आकडे टिपायचे. आम्ही जैन, घरी कुणी सूर्य मावळल्यावर जेवत नाही आणि मी लॅबमधून सुटते तेव्हा तो मावळलेलाच असतो. पोट रिकामं, अंग आंबलेलं. संशोधन म्हणजे पडेल ते काम करून वर हसायचं, एवढं आता कळलंय.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. सौरव झेंडू, लिंबू, हळदकुंकू घेऊन आला. त्यांच्या घरी आज नांगरापासून विळ्यापर्यंत सगळ्यांना सुट्टी असते. मशीन बंद करून पूजा करू म्हणाला. मध्येच थांबवलं तर चाचणी पहिल्यापासून करावी लागते, म्हणून मी नको म्हटलं. लोखंडालाबी शीण येतोय गं सोनल, आज विसावा न्हाय दिला तर ते आपला शीण माणसावर टाकतंय, असं त्याची आई सांगते म्हणे. आईलाही निबंधात घेऊ, म्हटलं मी. त्यानं चालत्या मशीनलाच कुंकू लावलं.

४ ऑक्टोबर
कांडी एव्हाना मोडायला हवी होती. उलट नव्यासारखी चकाकतेय. सौरवला खुर्चीतून उठवत नाही. मला जिना चढवत नाही. उपाशीपणाचं असेल.

६ ऑक्टोबर
भाकरी मोडताना सौरवचं मनगट मोडलं. भाकरी! हाड सारखं वाकवून वाकवून तुटल्यासारखं दिसतंय, असं डॉक्टर म्हणाले. मला भीती वाटतेय. भिंगाखाली कांडीवर साधा ओरखडाही नाही.

७ ऑक्टोबर
सौरवचा फोन आला. बंद कर गं, म्हणून रडला. लाल बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात सर आले. इतकं टिकलेलं पोलाद त्यांनी पाहिलेलं नाही. अजून थोडं चालू दे, पहिलं नाव तुझंच, म्हणाले.
मी बोट काढलं.

८ ऑक्टोबर
झोपून उठले तरी दमलेलीच. मशीनच्या ठेक्यात मनगट आतून वाकतंय— दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

९ ऑक्टोबर
मनगटावर रेघ. केसाएवढी. घासून जात नाही—
निबंध सहीसाठी आला. पहिलं नाव माझं. फोनवर आप्पा म्हणाले, शिक बाळ, लई शिक.
सही केली की लगेच बंद करते. शपथ. पेन नीट धरवत नाही, आधी इथं गिरवून बघते—
सोनल चंद्रप्पा चौ—