वाटीला कुठली आलीय त्वचा!

३ जाने., शनि.
रस्त्यावर बर्फाचा कच्चा थर. सायकल ढकलतच मॉल गाठला. कामाचा तिसरा आठवडा.
आमचं दुकान म्हणजे मॉलच्या मधोमध चारी बाजूंनी उघडा ठेला. क्रीम, जेल, नखं चमकवायचा ठोकळा. मॅनेजर डॅनी, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि मला "माय डिअर" म्हणतो. आजचा धडा: हात सोडायचा नाही. गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात आहे तोवर ते पळत नाही. शिवाय "हवंय का?" असं कधी विचारायचं नाही, "हे देऊ की ते?" विचारायचं.
ठोकळे तीन गेले, जेल शून्य. डच बायका "नेय, डांक यू" म्हणून चालू लागतात, त्यांना काही म्हणजे काही वाटत नाही. मला असं 'नको' म्हणणं अजून जमत नाही. परवा कुणी दारावर वर्गणीला आलं तर देऊन बसले.
तरी बरं वाटतंय. नेदरलँड्सला, आल्मेरेत येऊन दोन वर्षं झाली, दोन्ही घरात बसून... जाऊ दे. छातीवर माझ्या नावाचा बिल्ला आहे. बस्स.

६ जाने., मंगळ.
जेल हे आमचं ब्रह्मास्त्र. हातावर थेंब टाकून बोटाने चोळायचं. करडे-पांढरे कण सुटतात. म्हणायचं, बघा, ही तुमची मृत त्वचा. लोक ओशाळतात. ओशाळलेला माणूस पाकीट काढतो (डॅ.चं वाक्य).
मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते कण जेलचेच असतात. चोळलं की पाणी सुटतं आणि उरलेलं गोळा होतं. पुण्यात तेरा वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली, एवढं कळणार नाही?
नि.ला सांगितलं. नवऱ्याचं एका शब्दात उत्तर: "सोड." याला काय जातंय! सातच्या ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमला जातो, तिथे चार लोक त्याची वाट बघत असतात. मी सोडलं तर पुन्हा ती खिडकी आणि समोरच्यांचं मांजर.

९ जाने., शुक्र.
लिहू की नको.
दुपारी एक काकू दिसल्या. साडी, स्वेटर, त्यावर सुनेचं असावं असं जाड जॅकेट, पायांत बूट. हाक मारली, "काकू, एक मिनिट येता का?" जागच्या जागी थबकल्या. परमुलखात मराठी हाक आल्यावर कोण पुढे जाईल! निकमकाकू, कराडच्या. मुलगा आणि सून आयटीत, या तीन महिन्यांच्या व्हिसावर, दिवसभर एकट्या. माझं माहेर विचारून झालं, मुलंबाळं विचारून झाली.
हात हातात घेतला. थंडीने उललेला, खरखरीत. जेल चोळलं, कण पडले.
"अगं बाई! एवढा मळ?" हात मागे घ्यायला लागल्या. मी सोडला नाही.
"खरंच उपयोग होतो का गं याचा?"
"काकू, मी केमिस्ट्रीची शिक्षिका आहे."
एवढंच म्हणाले. खोटं काही बोलले नाही. पुढे काही बोलायची गरजच पडली नाही. दोन ट्यूब आणि क्रीम घेतलं, एकशे चाळीस युरो. मुलाने स्वतःसाठी काहीतरी घे म्हणून दिले होते म्हणे.
डॅ. नाचायचाच बाकी होता. म्हणाला, आता प्रत्येकाला हेच सांगायचं.
रात्री जेवण गेलं नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
निकमकाकू ठेल्यावर आल्या, तिळगूळ दिला. डॅ.लाही दिला, त्याने दोन खाल्ले. रविवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू. "बायकांना सांगितलंय, आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम येणार आहेत." आग्रहाचं आमंत्रण, नाही कसं म्हणणार?
डॅ.ला सांगायची चूक केली. पाच ट्यूब पिशवीत घालून दिल्या.
वर कागद पुढे केला. महिनाअखेरपर्यंत सही करायची, मग मी कायम. नवा बिल्लाही करणार, नावाखाली "केमिस्ट". घरी येऊन आरशापुढे जुना बिल्ला लावून बघितला. अशी मी.

१८ जाने., रवि.
नेसायची साडी काल रात्रीच इस्त्री करून ठेवली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणून बोलावलेलं.
दहा-अकरा बायका. सून पल्लवी, चांगली आहे, लगबगीची. हळदीकुंकू झालं, तिळाचे लाडू झाले. वाणाला स्टीलच्या वाट्या, काकूंनी बॅगेत भरून कराडहून आणलेल्या. माझ्याही हातात एक पडली. पिशवीतल्या ट्यूब पिशवीतच होत्या, माझा विचार पक्का झाला नव्हता, खरं सांगते.
काकू म्हणाल्या, "मॅडम, एक विचारायचं होतं." हात पुढे केला. मनगटापर्यंत लाललाल, दोन ठिकाणी साल गेलेली.
"सकाळ-संध्याकाळ चोळते गं. तरी रोज निघतोच. संपतच नाही. आयुष्यभर अंघोळ करतेय ना मी? एवढी कशी मळकी?"
सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत. खरंच विचारत होत्या.
ट्यूब काढली. बायका सरसावून बसल्या, एकीने बाही वर केली. मी तिचा हात घेतला नाही. वाणाची वाटी पालथी घातली, बुडावर थेंब टाकला आणि चोळलं. कण सुटले. ढीगभर.
कुणीतरी म्हणालं, "वाटीला कुठली आलीय त्वचा!"
मग शांत. वर्गात असं शांत झालं की मला आवडायचं. कळलंय म्हणून शांत असायची मुलं.
काकूंनी वाटी उचलली, बोट फिरवून बघितलं, खाली ठेवली. आत गेल्या. ओट्याशी नळ सुरू झाला तो बराच वेळ.
पल्लवी आवाज न चढवता म्हणाली, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"
"पैसे मी देते," म्हणाले, तेही चुकलंच. बूट घालून निघाले.

२० जाने., मंगळ.
सुट्टी. नि.ला सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, मी म्हणालो होतो ना. त्याऐवजी पोहे केले त्याने, खारट.
मी खरं बोलले म्हणून मोकळं वाटायला हवं. वाटत नाहीये. चारचौघींत काकूंना वेड्यात काढलं मी, तेही त्यांच्याच घरात, त्यांच्याच वाटीवर. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तेवढी अक्कल कुठे होती.

२३ जाने., शुक्र.
काकू आल्या. सरळ ठेल्याशी येऊन उभ्या. पर्समधून वाटी काढली, दोन लाडू घातलेली, काउंटरवर ठेवली.
"वाण टाकून गेलीस. असं टाकून जातात होय?"
मी सॉरी म्हणायला लागले. थांबवलं.
"राग आलाय मला. अजून आहे. फसवलंस त्याचा नाही एवढा, मी बावळट, मी फसले. मी हात मागे घेत होते आणि तू सोडला नाहीस, त्याचा." हात दाखवून, "खोबरेल लावतेय. बरा होतोय."
पैशांचं पुन्हा काढलं तर तोंडावर हात ठेवला माझ्या. "वाटी ठेव. शिकवताना उपयोगी पडेल."
कुणाला शिकवताना, काकू? त्या जिन्याकडे गेल्या, मागे वळून बघितलं नाही.
लाडू एक मी खाल्ला, एक नि.ला ठेवलाय.

२४ जाने., शनि.
गर्दी. डॅ. म्हणाला, ती वाटी हलव, हे स्वयंपाकघर नाही. बरं म्हणाले आणि हलवली नाही. सहीचा कागद पर्समध्ये तसाच, घडी विरायला आलीय. सात दिवस आहेत.
तीनच्या सुमाराला एक डच आजी, काठी टेकत. मी बोलावलंही नव्हतं. स्वतःच हात पुढे केला, छान पातळ, निळ्या शिरांचा. डॅ.ने लांबून अंगठा दाखवला. मी हात घेतला, ट्यूब उघडली.
आजींनी काठीने वाटीकडे दाखवलं आणि विचारलं, ही कशासाठी?
डॅ. बघत होता. एका हातात त्यांचा हात, दुसऱ्यात जेल. मी आधी त्यांचा हात सोडला.