कावळा कोनाच्या बाजूचा

सानपाडा गाव,
१२ जानेवारी २०२६

रावसाहेब भाऊजींना गोजराचा नमस्कार.

इकडं सगळी बरी हायेत, म्हनजे जी उरलीत ती. तुमी फोन उचलत नाय, म्हनून कागद. आमच्या नातीला, भाविकाला, उरनच्या गोदामात नोकरी लागली, ती हा तिथं तुमच्या लेकीच्या घरी आनून देईल. माझी चौथीतली अक्षरं हायेत, नावं ठेवू नका.

तुमच्या खोलीत नवीन भाडेकरू ठेवला. भाडं देतो नि दार लावून घेतो. त्याला बुद्धिबळ येत नाय, मी आधीच विचारून घेतलं.

ओट्यावरचा पट तसाच हाय, तुमी उठून गेलात त्या संध्याकाळचा. तुमची रोजची कटकट मला तोंडपाठ. हे म्हनायचे, जगात मोठा एकच, फिशर, एकट्यानं अख्खा रशिया झोपवला. तुमी म्हनायचे, कास्पारोव्ह, वर्षानुवर्षं पहिला नंबर सोडला नाही. मधीच आमचा नातू, तेजस, "आजोबा, कार्लसन. बाकी सब हिस्ट्री." त्याला दोघं मिळून हाकलायचे, तेवढ्यापुरती तुमची दिलजमाई. मी म्हनायची, यातला एक तरी दारात येऊन पानी मागनार हाय का? राजा एक घर चालतो नि बाकीची त्याच्यापायी मरतात, हे बघायला पट कशाला पायजे? आमचं घर हाय की.

मग तुमी ते बोललात. "गोटीराम, गादी राखायची वेळ आली तेव्हा तुझा फिशर खेळायलाच बसला नाही. मैदान सोडणारा मोठा कसला?"

हे म्हनाले, "मैदान तू सोड. माझी खोली खाली कर."

आनि तुमी खरंच केलीत! यांना वाटलं, सकाळी चहाला याल. तुमची खुर्ची उन्हात काढून ठेवली. मी विचारलं तर म्हनाले, ढेकून झालेत. ढेकून!

पुढं ते गेले. स्मशानात तुमी फाटकाशी उभे होता, मी बघितलं. आत आला नाय.

दहाव्याला कावळा शिवंना. खाडीकाठी एवढे कावळे, पिंडाकडं एक फिरकंना. हरेश म्हनाला, "बाबा, आईला सांभाळीन." नाय. "भाविकाचं लगीन झोकात करीन." नाय. कोनी दारू सोडायचं कबूल केलं, तरी नाय. एक तेवढा समोरच्या झाडावर बसला होता, मान तिरकी करून, हे पटाकडं बघायचे अगदी तसा. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

मला ठाव होतं काय पायजे ते. मी बोलले नाय.

आता रविवारी वर्षश्राद्ध. आनि घरात एक चाललंय. पांढरा घोडा. पट पुसताना मी त्याचं तोंड भिंतीकडं करते. सकाळी तो तुमच्या खुर्चीकडं बघत असतो. यांची खोड तुमाला ठाव, चाल सुचली की घोड्याचं तोंड समोरच्याकडं फिरवायचे. उंदीर असंल म्हनून पिंजरा लावला. उंदीर सापडला, मारला. घोडा फिरतोच.

हरेशनं बघितलं, तो घाबरला. तो सांगतो म्हनून लिहिते: श्राद्धाला या. पानासमोर हात जोडून एकदा म्हना, "गोटीराम, तुझाच मोठा." कावळा शिवंल, बाबा मोकळे होतील. हा हरेशचा निरोप.

आता माझा.

या जरूर. खुर्ची उन्हात ठेवते. पन ते बोलू नका. हरेश कितीबी खुनावू दे. पानासमोर बसा नि तेच म्हना, मैदान सोडणारा मोठा कसला? तसंच, त्याच आवाजात. चिडू दे त्यांना. कावळा बसू दे दारातल्या शेवग्यावर, शेवग्याला काय त्याचं ओझं नाय. पान मी मागनं गाईला घालीन.

त्यांना जायची एवढी घाई असती तर घोडा कशाला फिरवला असता?

हरू नका, भाऊजी.

गोजरा